पेटी, मिक्सर आणि आजींची पाटली

"मॅडम, वीस सेशन झाली की तो बोलेल ना?"

कोथरूडहून आलेल्या त्या आईनं खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं. मुलगा साडेपाच वर्षांचा, ऑटिझमचं निदान झालेला. इथे त्याला सोनू म्हणू. सोबत सासूबाई. खर्चासाठी हातातली पाटली मोडायची त्यांची तयारी होती. कुणीतरी सांगितलं होतं, हेडफोनवर खास गाळलेलं संगीत ऐकवायचं, दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास, असे दहा दिवस. मग कान 'सेट' होतात आणि मूल बोलायला लागतं.

"बेरा झाली आहे का?" मी विचारलं.

"तीच तर करायची म्हणतोय!"

हा घोटाळा नेहमीचा. बेरा म्हणजे ऐकू येतं की नाही ते बघायची तपासणी. मूल बोलत नसेल तर ती आधी हवीच. हेडफोनची पद्धत मात्र गी बेरार या फ्रेंच डॉक्टरांची. नावापलीकडे दोन्हींचा संबंध नाही. (सोनूची बेरा झालेली होती, कान ठणठणीत.)

काही पट्ट्यांतले आवाज मुलाला नको इतके तीव्र ऐकू येतात, ते संगीतातून कमी करून ऐकवले की कान सरावतो, असं या पद्धतीमागचं म्हणणं. ऐकायला पटतं. पण कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०११च्या आढाव्यात अशा सात चाचण्या तपासल्या गेल्या, माणसं सगळी मिळून १८२, आणि ऑटिझमसाठी ही पद्धत सुचवावी इतका पुरावा काही मिळाला नाही. मी ते त्यांना तसंच सांगितलं. आईचा चेहरा उतरला. अशा वेळी आकडे सांगणारा माणूस दुष्टच वाटतो.

म्हणून विषय बदलला. "त्याला कुठला आवाज सहन होत नाही?"

"मिक्सर," दोघी एकदम म्हणाल्या. आजी खोबऱ्याची चटणी वाटायला घेतात आणि हा पलंगाखाली. कुकरच्या शिट्टीलाही तेच. आणि आवडतो कुठला? आई विचारात पडली. आजी म्हणाल्या, "माझी पेटी. भजनाला बसले की येतो नि भात्यावर हात ठेवतो."

पाटली मोडायला निघालेल्या घरात पेटी आधीपासून होती.

म्युझिक थेरपी वेगळी, हे बरेच पालक लक्षात घेत नाहीत. तिथे मूल नुसतं ऐकत नाही. ते आणि थेरपिस्ट मिळून वाजवतात, थांबतात, एकमेकांची वाट बघतात. तीही जादू नव्हे. नऊ देशांतल्या ३६४ मुलांवरच्या २०१७च्या चाचणीत पाच महिन्यांनंतर ऑटिझमच्या लक्षणांत फरक दिसला नव्हता. म्हणून 'बोलेल' असं वचन मी देत नाही. स्पीच थेरपी चालू ठेवा, एवढं मात्र बजावून सांगते.

घरी करायला दोनच गोष्टी दिल्या. मिक्सर लावण्याआधी त्याला दाखवायचा, "लावते हं" म्हणायचं, तीन आकडे मोजायचे आणि बटण त्यालाच दाबू द्यायचं, तेही आधी रिकाम्या भांड्यावर, क्षणभर. आणि पेटी वाजवताना मध्येच भाता थांबवून गप्प बसायचं. "काय हवं, विचारायचं नाही?" आजींना हे फार जड गेलं. नाही, विचारायचं नाही.

तिसऱ्या आठवड्यात आईनं व्हिडिओ दाखवला. भाता थांबलेला. सोनू पेटीकडे बघतो, मग आजींच्या हाताकडे, मग थेट तोंडाकडे. आणि त्यांचं मनगट धरून भात्यावर ठेवतो. मी तो तीनदा बघितला.

जुलैत नदीपात्रात ढोल-पथकांचा सराव सुरू झाला तेव्हा आवाज अडवणारे कानकप घ्यायला सांगितले, फक्त तेवढ्या वेळापुरते. दिवसभर घातले तर साधे आवाजही टोचायला लागू शकतात. मिक्सरला तो अजून लांबच उभा राहतो, पण पलंगाखाली जात नाही. शब्द अजून आलेला नाही.

पाटली आजींच्या हातातच आहे. वाजवताना ती पेटीच्या लाकडावर खणकन आपटते, आणि त्या आवाजाला सोनू कान झाकतो. आता भजनाला बसताना आजी ती काढून ठेवतात.