समासातला चहा

मिरज

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल वाचला. मधुमेहाचा धोका ओळखणाऱ्या तुमच्या एआय अॅपसाठी माझ्या लॅबची फाइल दिली होती, तिच्याबद्दलचा. बेचाळीस हजार रिपोर्ट, एकोणीस रकाने, एकही चौकट रिकामी नाही. ‘डेटा एकदम क्लीन आहे, मावशी,’ असं तू लिहिलंस आणि मला हसू आलं. पस्तीस वर्षं लॅब चालवते, इतकं स्वच्छ माझ्या काउंटरवर कधी काही आलेलं नाही.

जन्मतारखांचा रकाना उघड. १ जूनला जन्मलेल्यांची ही गर्दी कुठून आली? तुझ्या आजोबांच्या पिढीत पोराला शाळेत घालताना गुरुजींनी वर्ष अंदाजानं धरलं आणि तारीख १ जून टाकली. तुझं मॉडेल, म्हणजे या आकड्यांवरून शिकणारं मशीन, त्या वयावर दिवसाच्या हिशेबानं विसंबणार.

आता फास्टिंगचा, म्हणजे उपाशीपोटीच्या साखरेचा रकाना. पहिल्या एसटीनं खेड्यावरून बाया येतात. मी विचारते, ‘काही खाल्लं?’
‘न्हाई वो, उपाशीच हाय.’
‘चहा?’
‘च्या तेवढा घेतला की. त्यो काय खाण्यात धरत्यात व्हय?’

दोन चमचे साखरेचा चहा, वर बुडवलेली खारी. उद्या या म्हणावं तर एक रोज बुडतो, म्हणून रक्त घेते आणि रजिस्टरच्या समासात पेन्सिलनं लिहिते, ‘चहा घेतला’. डॉक्टरांना फोनवर सांगते. पण सॉफ्टवेअरात त्या शेऱ्याला जागाच नाही. तुझ्यापर्यंत पोचलं ते नुसतं १३१.

मावशीला एआयचं वावडं आहे असं समजू नकोस. इस्राएलच्या वाइझमान संस्थेतलं २०१५ सालचं काम मी दोनदा वाचलंय. ८०० माणसांच्या अंगावर आठवडाभर सेन्सर लावून जवळजवळ ४७ हजार खाण्यांनंतरची साखर मोजली. तोच पदार्थ एकाची साखर चढवतो, दुसऱ्याची जेमतेम हलवतो. रक्ताच्या तपासण्या, सवयी, आतड्यातले जिवाणू हे सगळं पाहून कुणाची साखर कशानं चढेल, याचा अंदाज मशीन बऱ्यापैकी बांधू लागलं. आपल्याकडे अजून सगळ्यांच्या हातात एकच झेरॉक्स पडते: साखर बंद, भात बंद, बटाटा बंद. तुमचं अॅप ती झेरॉक्स बंद करणार असेल, तर मला हवंच आहे.

मात्र त्या ४७ हजार ताटांत शाळूची भाकरी असण्याचं काही कारण नाही. आणि प्रश्न ताटापुरता नाही, अंगाचाही आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दोघेही दिसायला सडपातळच. म्हणूनच आपल्याकडे २५ ची वाट न बघता २३ लाच वजन जास्त धरतात. परदेशातलं तयार मॉडेल उचलताना तो फोटो टेबलावर ठेव.

तुझ्या फाइलमधला सगळ्यात लाडका आकडा म्हणजे एचबीए१सी, लोकांच्या भाषेत ‘तीन महिन्यांची शुगर’. खरं तर तो रक्तातली साखर मोजतच नाही; हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते मोजतो. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि जितकी जुनी, तितकी तिला साखर जास्त चिकटलेली. अंगात लोह कमी असलं की नव्या पेशी कमी तयार होतात, जुन्यांचा भरणा वाढतो आणि साखर न वाढताही आकडा वर जातो. सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजारात उलटं: पेशी लवकर मरतात, आकडा खोटाच कमी दिसतो. नंदुरबार-गडचिरोलीत हा आजार बराच आढळतो; तिथं अॅप नेणार असाल तर हे आधी वाच.

गेल्या वर्षी एक बाई आल्या. एचबीए१सी ६.७, म्हणजे मधुमेहाची ६.५ ची रेघ ओलांडलेली. घरच्यांनी गोड बंद केलं, सासूनं ‘माहेरचाच रोग’ म्हणून टाकलं. पण फास्टिंग ९४, म्हणजे ठीक; हिमोग्लोबिन मात्र ७.८, म्हणजे फारच कमी. डॉक्टरांनी आधी लोहाच्या गोळ्या दिल्या. तीन महिन्यांनी तोच आकडा ५.८. तुझ्या फाइलमध्ये या बाई दोन ओळींत आहेत आणि मॉडेल म्हणेल, पथ्यानं मधुमेह बरा झाला! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता. तेव्हा ही एका बाईची गंमत नाही. हिमोग्लोबिनशेजारी ठेवल्याशिवाय एचबीए१सी वापरू नकोस.

आणि ‘धोका’ म्हणजे नेमकं काय मोजणार, ते आधी ठरवा. अमेरिकेत कुणाला जास्त काळजी लागेल हे ठरवणाऱ्या एका सॉफ्टवेअरनं आजाराऐवजी उपचाराचा खर्च मोजला. काळ्या रुग्णांवर खर्चच कमी होत असे, म्हणून ते जास्त आजारी असूनही धडधाकट ठरले. २०१९ मध्ये संशोधकांनी हे उघडं केलं. आपल्या घरांत सगळ्यात कमी पैसे कुणाच्या औषधावर जातात, ते आईला विचार.

नावं-नंबर काढूनच फाइल दिली होती. ती कुणाची कोण, हे शोधायच्या फंदात तुमच्यातलं कुणी पडायचं नाही.

सोमवारी ये. साडेसहाला काउंटर उघडतो. दोन तास माझ्याशेजारी बस आणि चहाचा प्रश्न तूच विचार. जुनी रजिस्टरं माळ्यावर आहेत. पेन्सिल पुसट झालीय, तरी वाचता येते. येताना फाइलमध्ये विसावा रकाना घालून आण, नाव ‘शेरा’ ठेव. बराचसा रिकामाच राहील, राहू दे.

तुझं रक्त घ्यायचं नाहीये, तेव्हा चहा घेऊनच निघ.

तुझी,
मावशी