कोझुमेलच्या एका दिवसाचा हिशेब

सप्रेम नमस्कार.

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. डिसेंबरच्या अखेरीस टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन बंदरातून निघणाऱ्या सात रात्रींच्या क्रूझचे पैसे भरून झाले आहेत. आपण दोघे आणि नाशिकहून आलेल्या आपल्या सासूबाई असे तिघे जाणार आहात. मेक्सिकोतील कोझुमेल बेटावर जहाज सकाळी ८ ते संध्याकाळी ५ थांबणार आहे. २०१८ मध्ये आपण दोघांनी तारकर्लीला स्कूबाचे, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरण्याचे, 'ओपन वॉटर' हे पहिल्या पायरीचे प्रमाणपत्र घेतले, त्यानंतर पुन्हा पाण्यात उतरणे झाले नाही, आणि आता कोझुमेलला दोन टाक्यांचे, म्हणजे दोनदा पाण्याखाली जाण्याचे, डायव्हिंग करावे असे मनात आहे. जहाजाची कंपनी त्यासाठी माणशी १६९ डॉलर घेते, तर बेटावरचा एक ऑपरेटर ११० डॉलर सांगतो. शिवाय जहाजातर्फे 'स्थानिक चवींची सहल' माणशी ८९ डॉलरला आहे. या एका दिवसासाठी आपण ९०० डॉलर बाजूला काढले आहेत. पत्राच्या शेवटी, जवळजवळ जाता जाता, क्रेडिट कार्डावर २४ टक्के व्याजाने २,३०० डॉलर थकले असल्याचेही आपण लिहिले आहे.

मी त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करतो. २,३०० डॉलरवर २४ टक्क्यांनी महिन्याला ४६ डॉलर व्याज जाते. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण जहाज की स्थानिक ऑपरेटर या ज्या फरकावर आपण दोघांनी आठवडाभर चर्चा केल्याचे लिहिले आहे, तो फरक याहून लहान निघणार आहे. दुसरे असे की कार्डावर जुनी बाकी असताना नव्या खरेदीला सहसा बिनव्याजी मुदत मिळत नाही. कोझुमेलमध्ये त्या कार्डावर घेतलेल्या टॅकोवरही त्याच दिवसापासून व्याज सुरू होते. म्हणून माझी पहिली अट अशी की हे ९०० डॉलर खरोखर बँकेत वेगळे पडलेले असावेत आणि थकबाकीचे कार्ड त्या दिवशी जहाजातील तिजोरीत राहावे. हे पैसे प्रत्यक्षात त्याच कार्डावर पडणार असतील, तर डायव्हिंग रद्द करावे, सासूबाईंना घेऊन बेटावर फिरावे, जेवावे आणि परत यावे, असेच मी सुचवेन. क्रूझचे पैसे भरण्याआधी आपण विचारले असते, तर ९०० डॉलर आधी कार्डाकडे वळवा असे मी सांगितले असते. आता जहाज तिथे थांबणारच आहे आणि बेटाजवळच्या पालांकारच्या प्रवाळभिंतीपाशी पुन्हा कधी जाणे होईल याची खात्री नाही, म्हणून खर्चाला माझा विरोध नाही.

आता दोन दरांची तुलना. १६९ वजा ११० म्हणजे ५९, दोघांचे मिळून ११८ डॉलर वाचतात, असा आपला हिशेब आहे. पण आपण पाठवलेली दोन्ही माहितीपत्रके शेजारी ठेवून वाचली, तर जहाजाच्या दरात साहित्याचे भाडे, सागरी उद्यानाचे शुल्क आणि धक्क्यापासूनची ने-आण धरलेली आहे; ऑपरेटरच्या दरात फक्त टाक्या, वजने, बोट आणि मार्गदर्शक आहेत. बीसीडी (पाण्यात तोल राखणारे हवेचे जाकीट), रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाशी आणणारे उपकरण) व वेटसूट (पाण्यात ऊब देणारा पोशाख) यांचे भाडे २५ डॉलर त्याने खाली बारीक अक्षरांत लिहिले आहे. उद्यानाचे शुल्क आणि टॅक्सी मिळून माणशी आणखी १५ डॉलर धरले, तर त्याचा खरा दर १५० होतो. फरक उरला माणशी १९ आणि दोघांचा ३८ डॉलर. बोटीवरच्या लोकांना द्यायची बक्षिसी दोन्हीकडे सारखीच असल्याने ती मी तुलनेतून वगळली आहे. मेक्सिकोने जुलै २०२५ पासून क्रूझच्या प्रत्येक प्रवाशावर लावलेला कर (सुरुवातीला ५ डॉलर) आणि हे उद्यानाचे शुल्क यांची गल्लत करू नये. तो कर जहाजाच्या बिलातून वसूल होतो, तर १९९६ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेल्या कोझुमेलच्या प्रवाळात उतरणाऱ्याला हे शुल्क वेगळे द्यावे लागते.

या ३८ डॉलरच्या बदल्यात जहाजाची कंपनी दोन गोष्टी देते. तिची सहल उशिरा परतली तर जहाज थांबते, आणि जहाज कोझुमेलला लागलेच नाही तर पैसे आपोआप परत मिळतात. दुसरी गोष्ट डिसेंबरमध्ये किरकोळ नाही. हिवाळ्यात तिकडे 'नोर्ते' नावाचे उत्तरेचे वारे सुटतात आणि समुद्र खवळला की बंदराचे अधिकारी लहान बोटींना बाहेर जाऊ देत नाहीत. कधी मोठे जहाजही धक्क्याला न लागता पुढे जाते. म्हणून ऑपरेटरला आगाऊ रक्कम देण्याआधी 'जहाज लागले नाही किंवा बंदर बंद झाले, तर पूर्ण परतावा' हे वाक्य त्याच्याकडून ईमेलवर घ्यावे. क्रूझच्या प्रवाशांवरच पोट असलेले तिथले बरेच ऑपरेटर ते देतात. फोनवर दिलेला शब्द मी हिशेबात धरत नाही.

जहाज चुकण्याची भीती मात्र आपण चुकीच्या ठिकाणी धरली आहे. कोझुमेल ज्या किंताना रो राज्यात आहे, त्या राज्याने २०१५ मध्ये आपले घड्याळ बदलले आणि तिथे वर्षभर एकच वेळ चालते. त्यामुळे हिवाळ्यात बेटाचे घड्याळ टेक्सासच्या एक तास पुढे असते. जहाजाने आपली घड्याळे बदलली नाहीत, तर ऑपरेटरची साडेआठची बोट जहाजाच्या वेळेनुसार साडेसातला सुटते, म्हणजे आपल्या जहाजाचा जिना खाली येण्याआधीच, आणि आपली आगाऊ रक्कम तिच्यासोबत जाते. उन्हाळ्यात फ्लोरिडाहून येणाऱ्यांची गत उलटी होते. त्यांना बेटाचे घड्याळ एक तास मागे भेटते आणि धावत सुटावे लागते ते त्यांनाच. आपण बेटाच्या दहाच्या, म्हणजे जहाजाच्या नऊच्या बोटीची मागणी करावी. दोन डाइव्ह आणि मधली विश्रांती धरून जहाजाच्या एक वाजेपर्यंत आपण धक्क्यावर परत याल. जेवण तीनपर्यंत उरकले, तरी साडेचारला जहाजावर हजर होण्यात दीड तासाची सवड राहते. इतकी सवड असताना जहाज थांबण्याच्या हमीची किंमत मी फार मानत नाही. तरीही ते चुकलेच तर काय, हे ठाऊक असावे. दोन डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसू नये असा संकेत आहे, त्यामुळे त्याच संध्याकाळी विमानाने घरी जाण्याचा मार्ग आपल्याला बंद असेल. हॉटेलची रात्र आणि ऐन वेळेची तिकिटे असा दुहेरी भुर्दंड पडेल. पासपोर्ट जहाजात राहिला, तर अडचण आणखी वाढेल.

खरा खर्च मला दुसरीकडेच दिसतो, आणि तो आपल्या यादीत नाही. आपले पती ४७ वर्षांचे आहेत आणि रक्तदाबाची गोळी घेतात. डायव्हिंगआधी जे वैद्यकीय प्रश्नपत्रक भरून घेतात, त्यात पंचेचाळिशीपुढच्यांना वेगळे प्रश्न असतात आणि रक्तदाबाच्या उत्तरापुढे डॉक्टरची सही लागते. ती सही नसेल, तर मार्गदर्शक त्यांना बोटीवरून उतरवेल आणि पैसे बहुधा परत मिळणार नाहीत, मग ते जहाजाला दिलेले असोत वा ऑपरेटरला. खोटे 'नाही' लिहून जाण्याचा विचार कोणी सुचवला असेल, तर तो सोडून द्यावा. अपघात झालाच तर विमा कंपनी तोच कागद आधी काढते. प्रश्नपत्रक आजच डाउनलोड करून घ्यावे आणि या महिन्यात डॉक्टरांना भेटावे.

त्याच्या जोडीला सरावाचा प्रश्न आहे. तारकर्लीच्या प्रमाणपत्राची मुदत संपत नाही, पण इतक्या वर्षांच्या खंडानंतर कोझुमेलच्या पाण्यात थेट उतरणे मला पटत नाही. तिथे नांगर टाकून एका जागी डाइव्ह करत नाहीत. प्रवाह आपल्याला भिंतीच्या कडेने वाहत नेतो, बोट वरून मागे येत राहते आणि आपण जिथे वर येऊ तिथून उचलून घेते. ओपन वॉटरची मर्यादा १८ मीटर आहे. सांता रोसासारख्या भिंतीवर तळ त्याहून कितीतरी खाली असतो आणि पाण्यात आपला भार नीट तोलता आला नाही, तर माणूस नकळत खाली जातो. शेवटचा डाइव्ह कधी झाला हे बहुतेक ऑपरेटर विचारतात, जहाजाच्या सहलीतही विचारतात, आणि उत्तर ऐकून नकारही देतात. डॅलसमध्येच घराजवळच्या डाइव्ह शॉपच्या तलावात एक रिफ्रेशर, म्हणजे उजळणीचा वर्ग, करून घ्यावा. त्यासाठी माणशी १२५ डॉलर मी धरले आहेत. डायव्हिंगच्या अपघातासाठी वेगळा विमा मिळतो. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही संस्था त्यासाठी सर्वपरिचित आहे. नेहमीच्या प्रवास विम्यात स्कूबा कित्येकदा वगळलेले असते आणि अमेरिकेतील आरोग्य विमा देशाबाहेर किती चालतो हे प्रत्येक पॉलिसीत वेगळे असते. डायव्हिंगच्या अपघातानंतर दाबकक्षातील (वाढवलेल्या हवेच्या दाबाच्या खोलीतील) उपचार आणि विमानाने हलवणे हजारो डॉलरच्या घरात जाते. पैशाच्या दृष्टीने या दिवसातला मोठा धोका हाच आहे, जहाज चुकण्याचा नव्हे.

हे सारे धरून माझा कौल स्थानिक ऑपरेटरच्या बाजूने आहे, पण तो स्वस्त आहे म्हणून नाही. जहाजाच्या सहलीत एका बोटीवर बरेच जण असतात. आपण निवडलेल्या ऑपरेटरने एका मार्गदर्शकामागे सहाच जण असे लिहिले आहे, आणि सरावात खंड पडलेल्या दोघांसाठी त्याचे मोल मोठे आहे. वाचलेले ३८ डॉलर 'वाचले' असे समजू नये. ते रिफ्रेशरकडे गेले.

जेवणाबाबत मात्र मला फारसा विचार करावा लागला नाही. तिघांचे २६७ डॉलर त्या सहलीत घालू नयेत. सॅन मिगेल गावात समुद्राकाठच्या रस्त्यापासून काही गल्ल्या आत गेले की मंडई लागते आणि तिच्यात व आसपास साध्या खानावळी आहेत, जिथे दुपारी 'कोमिदा कोर्रिदा' म्हणून ठरलेले जेवण मिळते. सूप, मुख्य पदार्थ, टॉर्टिया (पातळ भाकरी) आणि जास्वंदीसारख्या फुलांचे लालभडक 'आग्वा दे हमायका' असा तो बेत असतो. बेट ज्या युकातान प्रदेशात येते, त्याची खरी ओळख म्हणजे 'कोचिनिता पिबिल', म्हणजे शेंद्री आणि आंबट संत्र्याच्या रसात मुरवून केळीच्या पानात मंद शिजवलेले डुकराचे मांस, आणि 'तिकिन शिक' हा तशाच मसाल्यातला मासा. सासूबाई शाकाहारी आहेत, त्यामुळे त्यांची काळजी घ्यावी लागेल. घोटलेल्या घेवड्यात अनेकदा डुकराची चरबी असते, भात कोंबडीच्या रश्श्यात शिजवतात, आणि 'सोपा दे लिमा' हे नाव लिंबाचे असले, तरी सूप कोंबडीचे असते. 'सिन कार्ने, सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोयो' म्हणजे मांस नको, चरबी नको, कोंबडीचा रस्सा नको, हे चिठ्ठीवर लिहून दाखवावे. मक्याच्या टॉर्टियातील केसादिया (चीज भरून भाजलेली), अवोकाडो आणि निवडुंगाची भाजी यांवर त्यांचे पोट भरेल. आबानेरो मिरचीची चटणी मात्र खान्देशी जिभेनेही बेताने घ्यावी.

तिघांच्या जेवणाला मी ७५ डॉलर सैल हाताने धरले आहेत. मेनूवर $ हे चिन्ह दिसले तर घाबरू नये. मेक्सिकोचे चलन असलेल्या पेसोचेही चिन्ह तेच आहे. मात्र समुद्राकाठच्या दुकानांत ते डॉलरही असू शकते, म्हणून आधी विचारावे. डॉलरच्या नोटा तिथे घेतात, पण त्यांच्या दराने घेतात; समजा बँकेचा दर १८ पेसो असताना दुकानदाराने १६ धरला, तर अकराएक टक्के तिथेच गेले. कार्डाच्या यंत्राने 'डॉलर की पेसो' असे विचारले तर पेसोच निवडावे. मी स्वतः एका बंदरावर घाईत डॉलरचे बटण दाबले आणि घरी आल्यावर स्टेटमेंट पाहून स्वतःलाच चार शब्द सुनावले. परदेशी व्यवहाराचे शुल्क नसलेले, बाकी शून्य असलेले दुसरे कार्ड असेल तर ते न्यावे, नाहीतर डेबिट कार्डाने बँकेच्या एटीएममधून एकदाच पेसो काढावेत. बक्षिसी १० ते १५ टक्के पुरते, पण बिलात 'सेर्विसिओ' (सेवाशुल्क) आधीच लावलेले नाही ना ते पाहावे. टॅक्सीला मीटर नसतो, भाडे ठरलेले असते. बसण्यापूर्वीच आकडा विचारून घ्यावा.

आपल्या १५० डॉलरच्या ऑनबोर्ड क्रेडिटबद्दलही (जहाजावर खर्चण्यासाठी खात्यात जमा असलेली रक्कम) आपण विचारले आहे. ते वाया जाऊ नये म्हणून जहाजाचीच सहल घ्यावी, हा युक्तिवाद टिकत नाही, कारण सात रात्रींचा तिघांचा सेवाआकार आपल्या खात्यावर पडणारच आहे आणि बहुतेक कंपन्यांत हे क्रेडिट त्यात वळते होते. आपल्या कंपनीत तसे होते का, एवढे विचारून घ्यावे.

आता बेरीज. डायव्हिंग सर्व धरून ३००, बोटीवरची बक्षिसी ४०, जेवण ७५, किरकोळ २५. म्हणजे बेटावरचे ४४०. रिफ्रेशरचे २५०, डॉक्टर आणि विम्यासाठी १५०. एकूण ८४० डॉलर, आपल्या ९०० मध्ये बसणारे. जहाजाच्या दोन्ही सहली घेतल्या असत्या, तर बक्षिसीसह ६४५ आणि वरचे तेच ४०० मिळून १,०४५ झाले असते, आणि वरचे १४५ कुठून आले असते ते आपणच जाणता. डॉक्टरांनी सही दिली नाही, तर पतींचे डायव्हिंगचे १५० आणि रिफ्रेशरचे १२५ वाचतील. ते २७५ त्याच दिवशी कार्डाच्या थकबाकीत भरावेत. सासूबाईंनी सकाळ जहाजावर काढावी, कारण तिथल्या नाश्त्याचे पैसे आधीच भरले आहेत, आणि एक वाजता त्यांना धक्क्यावरून घ्यावे. त्यांच्या पासपोर्टवरचा अमेरिकेचा व्हिसा चालू असल्याने मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, पण व्हिसाचे ते पान उतरताना सोबत हवे.

ऑपरेटरला ईमेल करताना एवढेच विचारावे: परताव्याचे ते वाक्य, बोट बेटाच्या वेळेने किती वाजता सुटते, आणि कोझुमेलच्या तीन क्रूझ धक्क्यांपैकी आपले जहाज लागेल तिथून बोट किती लांब आहे. आठवडाभरात लेखी उत्तर आले नाही, तर डायव्हिंगपुरते जहाजाचे १६९ डॉलर भरून मोकळे व्हावे. जेवण तरीही मंडईतच करावे.