फ्रान्समधलं एकच मध्ययुगीन पॅरिश चर्च पाहायचं असेल तर कोणतं?

तुम्हाला राजेरजवाड्यांच्या पैशातून उभी राहिलेली कॅथेड्रल नको आहेत. वस्तीतल्या लोकांनी स्वतःच्या उपासनेसाठी बांधलेलं चर्च, म्हणजेच पॅरिश चर्च हवंय, आणि ते कसं बांधलं तेही समजून घ्यायचंय. मग माझं उत्तर ठरलेलं आहे: नॉर्मंडीत, सेन नदीच्या मुखाशी असलेल्या ओन्फ्लर बंदरातलं सेंट कॅथरीनचं चर्च. पूर्ण लाकडी आहे. फ्रान्समधल्या लाकडी चर्चमध्ये हे सर्वांत मोठं मानलं जातं.

इंग्लंड आणि फ्रान्समधल्या शतवार्षिक युद्धात ओन्फ्लर १४१९ ते १४५० इंग्रजांच्या ताब्यात होतं. इथलं जुनं दगडी चर्च त्या युद्धात गेलं. इंग्रज गेल्यावर लोकांना पुन्हा चर्च हवं होतं, पण पैसा तुटपुंजा आणि दगड तटबंदीसाठी राखलेला. जवळच्या तूक जंगलात ओक मात्र मुबलक होता, आणि गावात जहाजं बांधणारे कसबी सुतार होते. त्यांनी हातातली विद्याच वापरली. करवत न लावता नुसत्या कुऱ्हाडीनं लाकूड घडवलं, असं गावात सांगतात.

पहिलं दालन १५ व्या शतकाच्या उत्तरार्धातलं. त्याचा आराखडा बाजाराच्या मंडपासारखा. आत जाऊन मान वर केली की छत म्हणजे थेट उपडं घातलेलं जहाज वाटतं. वस्ती वाढली, जागा पुरेना, तेव्हा त्याला लागूनच दुसरं दालन जोडलं. म्हणून इथे एकाऐवजी दोन दालनं शेजारी शेजारी आहेत आणि मधे खांबांची रांग. दुसऱ्या दालनाचं छत अधिक गोलसर, मध्ययुगीन गॉथिक शैलीच्या साध्या चर्चमधल्या लाकडी कमानदार छताच्या वळणाचं. मला पहिलंच जास्त भावतं, कारण त्यात सुतारांनी दगडी चर्चची नक्कल करण्याचा प्रयत्नच केलेला नाही.

लोक छत बघून परततात. तुम्ही मात्र खांबांच्या पायथ्याशी जरूर थांबा. तळखडे एका उंचीचे नाहीत. काही खांब उंच दगडावर, काही बुटक्या दगडावर, तर काहींच्या खाली लाकडाचीच बैठक आहे. पुरेसे लांब ओक मिळेनासे झाले होते, म्हणून जो सोट जितका भरला तितका उभा केला आणि उरलेली उंची खालून भरून काढली. त्या अडचणीतल्या माणसांनी काय विचार केला असेल, तो इथे जसाच्या तसा दिसतो. म्हणून तर मी हे चर्च सुचवतोय.

घंटेचा मनोरा चर्चला जोडलेला नाही, चौकाच्या पलीकडे वेगळा उभा आहे. घंटांचं वजन आणि हादरे लाकडी इमारतीला सोसवले नसते. शिवाय उंच मनोऱ्यावर वीज पडून आग लागली तरी चर्च वाचावं, हाही हेतू. मनोऱ्याचा खालचा भाग म्हणजे घंटा वाजवणाऱ्याचं घर. चारी बाजूंनी तिरके लाकडी टेकू दिलेत आणि अंगावर चेस्टनटच्या फळ्यांची खवल्यांसारखी आच्छादनं आहेत. चित्रकार क्लोद मोनेनं याच मनोऱ्याचं चित्र काढलंय. ते चित्र गावातल्याच यूजेन बूदँ संग्रहालयात आहे, ते चुकवू नका.

दर्शनी मंडप मात्र मध्ययुगीन नाही, २० व्या शतकातला आहे. नॉर्मंडीच्या खेड्यांतल्या चर्चच्या धर्तीवर नंतर बांधलेला. त्यामुळे बाहेरून पाहून काळाचा अंदाज बांधू नका.

ओन्फ्लरला प्रवासी रेल्वे नाही. पॅरिसहून ल आव्र किंवा त्रूव्हील-दोव्हीलपर्यंत रेल्वेनं जा आणि पुढे बस पकडा. ल आव्रची बस नॉर्मंडी पुलावरून येते. शनिवारी सकाळी चर्चभोवती बाजार भरतो, तेव्हा बांधणी निवांत न्याहाळायची असेल तर दुसरा वार निवडा.