आधी वजन आणि शी, मग ऑस्टिओपॅथ

सात आठवड्यांचं बाळ, तिन्हीसांजेपासून मध्यरात्रीपर्यंत कळवळून रडणं, पाय पोटाशी घेणं, आणि त्यावर ‘जन्मताना डोक्यावर दाब आला असेल, ऑस्टिओपॅथला दाखवा’ असा कुणीतरी दिलेला सल्ला. (ऑस्टिओपॅथ म्हणजे हाताने दाबून, हलवून हाडं-स्नायूंवर उपचार करणारा.) तुमचं वाचताना आमचेच दिवस डोळ्यांपुढे आले. ढेकर काढणं, खांद्यावर घेऊन फेऱ्या, अंधारी खोली हे सगळं करून तुम्ही दमला असणार, म्हणून ते सोडून देते. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते.

न्यायचं तर न्या. हात खरोखर हलका असेल तर सहसा काही बिघडत नाही. मान किंवा पाठ झटक्याने वळवणारा दिसला तर मात्र बाळाला उचलून बाहेर पडा. पण कवटीची हाडं ‘अडकतात’ आणि बोटांनी ‘मोकळी’ होतात, यावर माझा विश्वास उरलेला नाही. ही मूळ कल्पना विल्यम सदरलँड या अमेरिकी ऑस्टिओपॅथची, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली. अलीकडच्या एका चाचणीत काही बाळांना ऑस्टिओपॅथचा नेहमीचा उपचार दिला, तर काहींना उपचाराचा हेतू न ठेवता नुसता हलका स्पर्श. रडण्याच्या वेळात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यातही (यात अनेक चाचण्या एकत्र तपासतात), आपल्या बाळाला उपचार मिळाला की नाही हे आईवडिलांना माहीत नव्हतं अशा अभ्यासांत ठोस फायदा दिसला नाही. त्यात कोलिकचं, म्हणजे निरोगी बाळाचं उघड कारणाशिवाय तासन्‌तास चालणारं रडणं साधारण सहाव्या आठवड्यात शिगेला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत बहुतेकदा आपोआप ओसरतं. म्हणजे आत्ता जे कराल त्याला श्रेय मिळणारच.

आम्हाला महागात पडलं ते तिथलं एक वाक्य. आम्ही जात होतो त्या ऑस्टिओपॅथच्या क्लिनिकने (नाव घेत नाही) पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ‘रडणं वाढलं तर घाबरू नका, शरीर मोकळं होतंय.’ रडणं कमी झालं तर उपचाराचा गुण, वाढलं तरी उपचाराचाच गुण! मग बाळ खरंच बिघडतंय हे कळायचं कशावरून? गालांवर खरखरीत चट्टे उठले, शीत शेंबडासारखा चिकटा येऊ लागला. सांगितलं, तर तेच उत्तर, आणि पुढच्या सत्राची वेळ. पैसे आगाऊ भरलेले. बाळ पितं कसं, हे तिथे कुणी विचारलं नाही. वजनकाटा तर मी तिथे पाहिलाच नाही. आजही आठवलं की डोकं तापतं.

शीत रक्ताचे धागे दिसले तेव्हा बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी कपडे काढून वजन केलं, वाढीच्या तक्त्यावर टिंब ठेवलं. रेघ जवळजवळ आडवी झाली होती. गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी निघाली. अंगावर पिणाऱ्या बाळाला ती प्रथिनं आईच्या दुधातून मिळतात, म्हणून मी दूध आणि दुधाचे सगळे पदार्थ बंद केले. काही आठवड्यांत बाळ निवळलं. मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून पुन्हा दूध घेऊन पाहिलं, त्रास परतला, निदान पक्कं झालं. माझं वाचून लगेच दूध सोडू नका मात्र. रडणाऱ्या बहुतेक बाळांना ही ॲलर्जी नसते, आणि बाळंतिणीला उगाच उपाशी ठेवायला लोक टपलेलेच असतात.

३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, शीत रक्त, फुगलेली टाळू, पिणं सोडणं, शू कमी होणं, एकदम वेगळं किंचाळणं, यातलं काहीही असेल तर कुठल्याही सत्राची वाट न पाहता डॉक्टर गाठा. बाळ सतत एकाच बाजूला मान वळवत असेल तर मुलांच्या फिजिओथेरपिस्टला दाखवा, तिथे निदान काय तपासलं ते नीट सांगतात. अचानक आकांत मांडला तर पायाची बोटं बघा, कधीकधी आईचा गळलेला केस बोटाभोवती आवळलेला असतो. गॅसचे थेंब? त्यातलं सिमेथिकोन हे औषध पाण्याहून सरस ठरलेलं नाही. आणि सहन होईनासं झालं तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवून पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. बाळाला गदागदा हलवायचं नाही, कधीच नाही.

एवढं करूनही ऑस्टिओपॅथकडे जायचं ठरलं तर आधी नोंदणी विचारा. ब्रिटनमध्ये ती कायद्याने सक्तीची आहे, बऱ्याच देशांत मात्र कुणीही पाटी लावू शकतो. दुसरा प्रश्न, ‘कोणती लक्षणं दिसली तर तुम्ही आम्हाला डॉक्टरकडे पाठवाल?’ उत्तर गुळमुळीत आलं तर फोन ठेवा.

जन्मापासूनची वजनं तारखांसह लिहून कळवा. शीचा रंगही लिहा, लाजू नका.