पेशीपटल की पेशीभित्तिका? 'आवरण' का चालणार नाही

पेशींवरचा लेख मराठीत आणणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: 'पेशीपटल आणि पेशीभित्तिका हे शब्द जड वाटतात. दोन्हीकडे सरळ पेशीचं आवरण असं लिहिलं तर?'

माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. वनस्पतीच्या पेशीला ही दोन्ही असतात, बाहेर भित्तिका आणि तिला आतून चिकटलेलं पटल. प्राण्यांच्या पेशीला भित्तिका नसतेच. 'आवरण' म्हटलं की नेमकं कुठलं, हे वाचणाऱ्याने कसं ओळखायचं?

शिवाय हे शब्द मला जड वाटत नाहीत. कर्णपटल, दृष्टिपटल आपण सहज म्हणतो. पटल म्हणजे पातळ पडदा. पेशीपटल जेमतेम ७ ते ८ नॅनोमीटर जाडीचं असतं. भित्तिका ही भिंतीच्याच घरातली, भित्तिचित्रातली भित्ती. वनस्पतींत ती मुख्यतः सेल्युलोजची, ताठ असते. सूक्ष्मदर्शकातून पेशी प्रथम पाहणाऱ्या रॉबर्ट हूकच्या १६६५ च्या पुस्तकातले बुचाचे कप्पे म्हणजे या भिंतीच. आतली पेशी केव्हाच मेलेली होती.

फरक डोळ्यांनी पाहता येतो, आणि एकदा पाहिला की शब्दांची गल्लत होत नाही. लाल कांद्याच्या पाकळीचा जांभळा पापुद्रा सोलून काचपट्टीवर ठेवा, त्यावर मिठाचं दाट पाणी सोडा आणि सूक्ष्मदर्शकातून बघत राहा. थोड्याच वेळात जांभळा रंग कोपऱ्यांतून सुटून आत गोळा होऊ लागतो. पेशीतलं पाणी बाहेर गेलं, पटल आक्रसलं; चौकट मात्र जागच्या जागी. याला रससंकोच म्हणतात. मधल्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेत काय असतं? मिठाचं पाणी! भिंतीने त्याला येऊ दिलं, पटलाने अडवलं.

म्हणूनच पटलासाठी 'अर्धपार्य' (काही आरपार जाऊ देणारं, काही अडवणारं) या शब्दापेक्षा शालेय पुस्तकातलं 'निवडक्षम पारपटल' मला जास्त आवडतं. इथे अर्धं काहीच नाही, निवड आहे. ऑक्सिजन सहज आरपार जातो, ग्लुकोजला प्रथिनाच्या वाटेनेच जावं लागतं. सोडियमचे ३ आयन बाहेर टाकून पोटॅशियमचे २ आत ओढायचे, तर पेशीला त्यासाठी ऊर्जाही मोजावी लागते.

लेखात हिंदी संदर्भ वापरत असाल तर एवढं सांभाळा: तिथे पेशीला 'कोशिका' म्हणतात आणि 'मांसपेशी' म्हणजे आपला स्नायू.