फेशियलआधीची दहा मिनिटं

प्रश्न : मुलगी बारावी सायन्स झाली. नीटला गुण कमी पडले. पुन्हा परीक्षा द्यायची नाही, एस्थेटिशियन व्हायचंय म्हणते. तिचे बाबा म्हणतात, पार्लरच टाकायचं होतं तर बायोलॉजी कशाला घेतली? एक अ‍ॅकॅडमी दीड महिन्यात ‘अ‍ॅडव्हान्स्ड स्किन’ कोर्स देते, लेझरसुद्धा शिकवतो म्हणतात. फी ८० हजार. भरावी का?
– एक आई, सातारा जिल्हा

ताई, सप्रेम नमस्कार.

फी आत्ता भरू नका. आणि लेकीची बायोलॉजी वाया गेली असं तिच्या बाबांना वाटत असेल, तर त्यांना सांगा की या कामात रोज हाताशी लागणारा विषय तोच आहे.

एस्थेटिशियन निरोगी त्वचेची निगा राखते. आजारी त्वचा डॉक्टरांची. आपल्याकडे या कामाला डॉक्टर-नर्ससारखी सक्तीची नोंदणी नाही, त्यामुळे पाटी कुणीही लावतं. चांगली कोण आणि कामचलाऊ कोण, हे फेशियलला हात लावण्याआधीच्या दहा मिनिटांत कळतं.

समजा, लग्न तीन आठवड्यांवर आलेली मुलगी येते. गाल लालसर, त्यावर बारीक शिरा दिसताहेत, गालावर लव वाढलीय, उन्हात गेलं की चेहरा भगभगतो म्हणते. तिला ब्लीच आणि फेशियल हवंय. इथे पहिला प्रश्न हवा : ‘चेहऱ्याला सध्या काय लावतेस? ट्यूब दाखव.’ बहुतेक वेळा पर्समधून मेडिकलमधून आणलेली, गोरं होण्यासाठी म्हणून लावलेली स्टेरॉइडची ट्यूब निघते. महिनोन्‌महिने स्टेरॉइड लावून कातडी पातळ झालेली असते. तिच्यावर वाफ, स्क्रब आणि ब्लीच चालवलं तर चेहरा भाजतो, मागे काळे डाग राहतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइड क्रीम शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी ती हातोहात मिळतात. अशा वेळी ‘आजपासून बंद कर’ असंही सांगायचं नाही, कारण एकदम थांबवलं की चेहरा आणखी पेटतो. त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवायचं. त्या दिवसाचे फेशियलचे पैसे गेले तर जाऊ द्यावेत.

दुसरं उदाहरण मानेवरच्या काळ्या, मखमली घड्यांचं. बायका तो मळ समजून काथ्याने घासतात, पार्लरवाली वर ब्लीच लावते. तो मळ नसतो. पुष्कळदा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असते, वजन आणि पीसीओएसशीही (बायकांमधला संप्रेरकांचा बिघाड) तिचा संबंध असतो. निदान आपण करायचं नाही. पण ‘ताई, एकदा साखर तपासून घ्या’ एवढं सांगता आलं पाहिजे. घासल्याने ती जागा उलट जास्त काळी पडते, हेही.

मुरमांवर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा संपून सहा महिने झाले नसतील, तर वॅक्सिंग नाही. पट्टीबरोबर वरची कातडी निघून येते. नवं उत्पादन किंवा ब्लीच असेल तर कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला टिकलीएवढं लावून किमान २४ तास थांबायचं. घाई असलेलं गिऱ्हाईक यावर कुरकुर करतं. तरी थांबायचं.

ब्लॅकहेड काढताना सगळ्यात जास्त नुकसान होतं. वाफ पाच ते सात मिनिटं पुरे. हातमोजे, बोटांना टिश्यू, हलका दाब. दोनदा दाबून आला नाही तर सोडून द्यायचा. पू भरलेल्या पुटकुळीला हात लावायचा नाही. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत थोडी जरी सूज आली तरी मागे डाग राहतो, तो जायला काही महिने लागतात. आणि मग बाई त्या डागासाठी परत येते.

आता समजावून सांगण्याचं काम. माझ्या मते या व्यवसायाचा अर्धा भाग हाच, आणि कोर्समध्ये सर्वांत कमी शिकवला जाणाराही हाच. ‘सनस्क्रीन लावा’ म्हणून भागत नाही. गिऱ्हाइकाच्या तर्जनीवर आणि मधल्या बोटावर दोन रेघा काढून दाखवायच्या : चेहरा आणि मानेला एवढं. बहुतेक जणी वाटाण्याएवढं लावतात आणि उपयोग नाही म्हणतात. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. वांग असेल तर याशिवाय कुठलीही क्रीम नीट काम करत नाही. लिंबू चोळणाऱ्यांना सांगायचं की लिंबाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) २ च्या आसपास, त्वचेचा साधारण ५. म्हणून आग होते. घरी लावायच्या वस्तू तीनच : फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. मराठीत कागदावर लिहून द्यायच्या. एका वेळी एकच नवी वस्तू सुरू करायची, नाहीतर पुरळ उठलं तर कशाने उठलं ते कळत नाही. ‘गोरं करून द्या’ या मागणीला ‘रंग नाही बदलत, डाग कमी होतात, आणि त्याला आठ-बारा आठवडे लागतात’ हे उत्तर न लाजता देता यायला हवं.

शिक्षणाचं म्हणाल तर सुरुवात आयटीआयपासून करा. कॉस्मेटॉलॉजी, म्हणजे सौंदर्योपचार, हा ट्रेड एक वर्षाचा, दहावीनंतरचा, आणि शासकीय संस्थेत फी अगदी कमी. तो प्रत्येक आयटीआयमध्ये नसतो, म्हणून ऑनलाइन प्रवेशाच्या वेळी जिल्ह्यातल्या संस्थांची यादी आधी पाहा. त्यानंतर एखाद्या चांगल्या सलोनमध्ये वर्षभर मदतनीस म्हणून हात बसू द्या. पुढे परदेशात किंवा मोठ्या स्पामध्ये जायचं असेल तर सिडेस्को या सौंदर्योपचार क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा डिप्लोमा उपयोगी पडतो. १९४६ मध्ये सुरू झालेली ही संस्था अभ्यासक्रमाला १२०० तास मागते. दीड महिना किती तोकडा आहे, हे यावरून दिसेल. लेझर, बोटॉक्स आणि फिलरची इंजेक्शनं आणि खोल पील (रसायनाने त्वचेचे थर काढणं) हे डॉक्टरांचं काम. ते दीड महिन्यात शिकवतो म्हणणाऱ्याला या एका वाक्यावरूनच नाही म्हणा.

अंगाचाही विचार करा. दिवसभर उभं राहणं, मसाजमुळे अंगठ्यांचे सांधे दुखणं, सतत धुऊन हात फुटणं हे या कामात आहेच. लेकीला आधीच सांगा.

कुठल्याही अ‍ॅकॅडमीत फी भरण्याआधी तिला एक दिवस वर्गात बसू देता का, ते विचारा. बसली की तिने दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, फॉर्म भरून घेताना औषधं, अ‍ॅलर्जी आणि गरोदरपण विचारतात का. दुसरी, वॅक्सच्या भांड्यात अंगाला लागलेला स्पॅच्युला (वॅक्स लावायची चपटी काडी) परत बुडवतात का. बुडवत असतील तर ती जेवायच्या सुट्टीत उठून घरी आली तरी चालेल.