गिअर उशिरा लागतो, दोष कुठे?

प्रश्न : जुन्या ऑटोमॅटिक गाडीत सकाळी लिव्हर ‘डी’वर (ड्राइव्ह) टाकला की दोन-तीन सेकंदांनी धक्का बसून गाडी हलते. गिअरबॉक्स उघडावा का?

उत्तर : इतक्यात नको. आधी गिअरबॉक्समधलं ऑइल बघा. बहुतेक गाड्यांत ते सपाटीवर, इंजिन गरम आणि चालू ठेवून, लिव्हर ‘पी’वर (पार्क) असताना मोजतात, काहींत इंजिन बंद करून, म्हणून मॅन्युअल पाहाच. पातळी खाली गेली की पंप हवा ओढतो, दाब उशिरा बनतो. डिपस्टिकवरचा (ऑइल मोजायच्या पट्टीवरचा) थेंब पांढऱ्या कागदावर टाका. लालसर असेल तर ठीक. काळपट आणि जळका वास, तर बहुधा गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटा झिजल्यात. दुधी गुलाबी दिसला तर बहुधा रेडिएटरमधल्या, हे ऑइल थंड करणाऱ्या कूलरमधून पाणी शिरलंय. गाडी चालवूच नका. ऑइल चांगलं असूनही उशीर होतोय? मग तुंबलेला फिल्टर किंवा कडक झालेले रबरी सील. स्कॅनरने बिघाडाचे कोड वाचून लाइन प्रेशर (गिअरबॉक्समधल्या ऑइलचा दाब) मोजल्याशिवाय गिअरबॉक्स उतरवू देऊ नका.